व्हर्ना हावरिलुकचं टेंगूळ

व्हर्ना हावरिलुक गेली एकतीस वर्षं हार्टविकचं पोस्ट चालवत होती, त्यामुळे तिला गावात ओळखत नाही असं कोणी नव्हतं. पण लोक तिच्या तोंडाकडे निरखून बघायला लागले ते ह्या मार्चपासून. डाव्या भुवईच्या दोन बोटं वर तिला टेंगूळ आलं होतं. अर्ध्या अक्रोडाएवढं, टणक, आणि उन्हाळा सरत आला तरी जागचं न हललेलं. पोस्टाच्या खिडकीशी येणारा प्रत्येक जण आधी टेंगळाची विचारपूस करायचा आणि मग टपालाची.

"काय म्हणतंय आपलं टेंगूळ?" असं विचारायचे लोक. 'आपलं' म्हणायचे. जणू कपाळ तिचं एकटीचं, टेंगूळ मात्र सगळ्या गावाचं.

हे टेंगूळ आलं कसं, ते हार्टविकमधलं शेंबडं पोरही सांगेल, आणि चुकीचं सांगेल. गावातली गोष्ट अशी : कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड रंगीत वर्तुळांच्या मधोमध सरकवायचा खेळ; त्याच्या बायकांच्या स्पर्धेचा शेवटचा सामना, शेवटचा दगड. समोर इझोबेल टॅनाहिलचा संघ, जो सलग चार वर्षं जिंकत आलेला. दगड बर्फावरून सुटला, तो लांब जावा म्हणून त्याच्यापुढे बर्फावर झाडू घासत व्हर्ना आणि तिची जोडीदारीण धावत निघाल्या, आणि 'घरा'च्या, म्हणजे त्या रंगीत वर्तुळांच्या तोंडाशीच व्हर्नाचा पाय सटकला. कपाळ बर्फावर असं आपटलं की वरच्या मजल्यावर बिअर पीत बसलेल्यांनीही आवाज ऐकला. पण पठ्ठीने झाडू सोडला नाही. दगड सरकत सरकत बरोबर मधोमध जाऊन थांबला, आणि इझोबेलची चार वर्षांची सद्दी संपली. व्हर्नाला उचलून नेताना लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

ह्यातलं सगळं खरं होतं. फक्त एक गोष्ट सुटली होती. पडताना व्हर्नाच्या झाडूची कड चालत्या दगडाला लागली होती.

नुसता ओझरता स्पर्श, पण काठीतून तो तिच्या तळहातापर्यंत आला. कर्लिंगला पंच नसतो. गावच्या खेळात तर नसतोच. दगडाला आपला झाडू किंवा पाय लागला तर आपणच हात वर करायचा, 'लागला' म्हणायचं, आणि मग त्या दगडाचं काय करायचं ते समोरच्या कप्तानाने ठरवायचं. ठेवायचा तर ठेवा, काढायचा तर काढा. दुसऱ्याने बोट दाखवायचं नसतं. हार्टविकमध्ये शेजाऱ्याची बायको पळवून नेलेल्या माणसालाही पुढच्या हिवाळ्यात चौथा भिडू कमी पडला म्हणून खेळायला बोलावलं होतं. पण दगडाला झाडू लावून गप्प बसलेला माणूस ह्या गावात झालेला नाही. निदान कळलेला तरी नाही.

पहिलं अर्धं मिनिट व्हर्नाला माफ करू. डोक्यात घंटा वाजत होत्या, समोर चार चार दिवे दिसत होते. पण कपाळाला बर्फाची पिशवी लावून तिला गाडीत बसवलं तेव्हा तिला सगळं लख्ख आठवत होतं, आणि तिने तोंड उघडलं ते फक्त 'थँक यू' म्हणायला. उद्या सांगू, असं तिने ठरवलं. उद्या सकाळी दारात तीन केक आणि खजुराच्या वड्यांचा डबा आला. केक समोर ठेवून असलं काही सांगता येत नाही. मग परवा. परवा गावच्या साप्ताहिकात फोटो आला. अशा रीतीने एप्रिल उजाडला.

सूज उतरली, निळंजांभळं पिवळं झालं, पिवळं गेलं, टेंगूळ राहिलं. उपायांना तोटा नव्हता. शेजारणीने कोबीचं पान बांधायला सांगितलं. नर्सबाईंनी रोज दहा मिनिटं चोळायला सांगितलं. नवरा ओरेस्ट म्हणाला, "अगं, हात लावू नकोस. माझ्या बापाला कोपरावर होतं असं. गेलं आपोआप."

"कधी गेलं?"

"बाप गेला तेव्हा."

चोळता चोळता व्हर्नाला वाटायला लागलं की बोलायचं राहिलेलं तिथेच घट्ट होऊन बसलंय. डॉक्टरी दृष्टीने ह्याला काही अर्थ नाही, हे तिलाही कळत होतं. पण खिडकीशी येणारा जो तो टेंगळाकडे बघून म्हणायचा, "जिगर लागते, बाई," आणि ती हसून तिकिटावर शिक्का मारायची. शिक्का मात्र जरा जोरात बसायचा.

सगळ्या गावात टेंगळाबद्दल चकार शब्द न काढणारी एकच बाई होती, ती इझोबेल टॅनाहिल. हरलेली कप्तान. पासष्टीची, उंच, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, कमी बोलणारी. दर मंगळवारी यायची, टपाल घ्यायची, "बरी आहेस ना?" विचारायची आणि उत्तरासाठी जरा जास्तच वेळ थांबायची. किती मोठ्या मनाने पराभव घेतलाय हिने, असं व्हर्नाला वाटायचं, आणि त्याने तिला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. दोघी वीस वर्षं एकमेकींविरुद्ध खेळत होत्या आणि पंचवीस वर्षं एकमेकींच्या स्वयंपाकघरात बसत होत्या. व्हर्नाला भीती होती ती ह्या एकाच गोष्टीची. गावाने नाव ठेवलं तर ठेवलं, पण इझोबेलने तोंड फिरवलं तर?

ऑगस्टमध्ये क्लबचा अध्यक्ष गार्थ पिलिंग खिडकीशी आला. टपाल घ्यायला नाही.

"व्हर्ना, कमिटीने एक ठराव केलाय. एकमताने. यंदापासून क्लबतर्फे खिलाडूवृत्तीचं बक्षीस द्यायचं. दरवर्षी, सगळ्यात सचोटीने खेळणाऱ्याला. आणि त्याला तुझं नाव द्यायचं."

"माझं?"

"मग कोणाचं देणार? ऑक्टोबरात क्लबात खेळायचं बर्फ घातलं की पहिल्या रात्री जेवण आहे. तेव्हा जाहीर करू."

"सचोटीचं म्हणालास?"

"बघ, लगेच लाजली," गार्थ बाजूच्या गिऱ्हाइकाला म्हणाला.

त्या संध्याकाळी व्हर्नाने ओरेस्टला सांगितलं की ती हे टेंगूळ कापून काढणार. तिचा हिशोब साधा होता. टेंगूळ दिसतं म्हणून लोक गोष्ट सांगतात. टेंगूळ गेलं की गोष्ट जाईल, गोष्ट गेली की बक्षीसही कोणाच्या तरी दुसऱ्याच्या नावावर जाईल. ओरेस्टला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं.

"बासष्टाव्या वर्षी हे काय नखरे सुचले तुला?" तो म्हणाला. "मी काही तक्रार केली का?"

"तू माझ्याकडे शेवटचं कधी बघितलंस?"

"बघतो की. टेंगूळ आल्यापासून तर रोजच बघतो."

सॅस्कटूनच्या प्लास्टिक सर्जनची वेळ मिळाली ती नेमकी सप्टेंबरात, ऐन कापणीत. ओरेस्ट कापणी यंत्रावरून खाली उतरायला तयार नव्हता. जाऊन येऊन सहा तासांचा रस्ता. हे इझोबेलच्या कानावर गेलं आणि ती म्हणाली, "मी नेते." नाही म्हणायला व्हर्नाकडे कारण नव्हतं. म्हणजे होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

इझोबेलने थर्मासात कॉफी आणि अंड्याची सँडविचं घेतली होती. गाव मागे पडलं तशी ती म्हणाली, "रेडिओ लावत नाही. बोलायचं असेल तर बोलता येईल."

मग व्हर्ना बोलली. मोहरीच्या भावाबद्दल बोलली, मुलीच्या रेजायनामधल्या नव्या स्वयंपाकघराबद्दल बोलली, पोस्टाच्या छपरातून गळतं त्याबद्दल तर चांगला अर्धा तास बोलली. इझोबेल मधूनमधून 'हं' म्हणत होती. सॅस्कटूनचा पूल आला तेव्हा व्हर्नाचा घसा बसला होता आणि बोलायचं ते सगळं राहिलं होतं.

डॉक्टर आदेयांजू लेगॉसच्या. सॅस्कटूनमध्ये चार हिवाळे काढलेल्या, आणि पाचवा काढायचा की नाही ह्या विचारात असलेल्या. त्यांनी टेंगूळ दाबून पाहिलं, स्कॅन पाहिला.

"घाबरण्यासारखं काही नाही, मिसेस हावरिलुक. मार लागला तिथं हाड जरा जास्तीचं वाढलंय. वर जुनं रक्त गोठून घट्ट झालंय. असंच ठेवलं तरी काही बिघडत नाही."

"ठेवायचं नाहीये."

"ठीक. सुईने औषध सोडता येईल, पण त्याने वरचं मऊ आहे तेवढंच बसेल, हाड नाही. किंवा तुमच्याच पोटाची चरबी काढून ह्याच्या आजूबाजूला भरता येते, म्हणजे उंचवटा उठून दिसत नाही."

"म्हणजे एवढंसं टेंगूळ लपवायला अख्ख्या कपाळाचं टेंगूळ करायचं?"

"थोडक्यात तसंच," डॉक्टर म्हणाल्या. "नाहीतर मग शस्त्रक्रिया. इथेच आठीवर चीर घेतली तर काम लवकर होतं, पण व्रण दिसतो. केसांच्या आत चीर घेऊन दुर्बिणीतून हाड घासून सपाट केलं तर व्रण केसांत लपतो. कपाळ काही महिने बधिर राहील. क्वचित कायमचंही राहतं."

"बधिर चालेल. घासून टाका."

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. "सरकारी विम्यात बसवायचं तर ह्याचा त्रास काय होतो ते लिहावं लागतं. दुखतं?"

"नाही."

"डोकं? डोळा? टोपी बसत नाही?"

"टोपी छान बसते."

"मग त्रास काय आहे?"

"लोक कौतुक करतात," व्हर्ना म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आणि जी गोष्ट सहा महिने जिभेवर येत नव्हती ती व्हर्नाने ह्या परक्या बाईला पाच मिनिटांत सांगून टाकली. झाडू, दगड, काठीतून आलेला तो स्पर्श, केक, फोटो, बक्षीस, सगळं. इतकं सोपं होतं ते, ह्याचंच तिला आश्चर्य वाटलं.

"कर्लिंग म्हणजे त्या बर्फावर झाडू मारतात ते?" डॉक्टरांनी विचारलं.

"तेच."

"मग कोणी पाहिलं का तुमचा झाडू लागलेला?"

"कोणी नाही."

"आणि तरी स्वतःहून सांगायचं असतं?"

"असतंच."

"आमच्याकडे फुटबॉलला चार चार पंच असतात, तरी कोणी कबूल करत नाही." त्यांनी पुन्हा पेन उचललं. "ह्या त्रासाला माझ्याकडे रकाना नाही. दिसण्यासाठी, असं लिहिते. विमा मिळणार नाही. तारीख चौदा नोव्हेंबर."

"ऑक्टोबरच्या आधी नाही जमणार?"

"तुमच्या आधी एक जबडा आहे आणि दोन नाकं. आणि मिसेस हावरिलुक, मी हाड घासू शकते. बाकीचं माझ्या हत्यारांनी निघेल असं वाटत नाही मला."

येताना तिने खरोखर मनाचा हिय्या केला. अर्ध्या वाटेत, ऊन कलल्यावर, ती म्हणाली, "इझोबेल."

"काय गं?"

इझोबेलने गाडीचा वेग कमी केला. एवढंच पुरे झालं, व्हर्नाचा धीर गळाला.

"काही नाही. त्या चरात हरिण आहे, बघून चालव."

"दिसलंय मला," इझोबेल म्हणाली, आणि तिने गाडीचा वेग पुन्हा वाढवला.

ऑक्टोबरात बर्फ घातलं गेलं. पहिल्या रात्री क्लबच्या वरच्या मजल्यावर सव्वाशे माणसं जेवायला. पेरोगी म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, कांदा, सॉसेज, आंबट साय. गार्थने भाषण ठोकलं. पडलेल्या व्हर्नाबद्दल बोलला, न सुटलेल्या झाडूबद्दल बोलला, सचोटी हा शब्द त्याने सात वेळा वापरला. व्हर्ना मोजत होती. आठव्यांदा तो शब्द आला तेव्हा ती उठली. फार मोठं धैर्य वगैरे नव्हतं ते. आता नववा ऐकवणार नाही, एवढंच तिला वाटलं.

"मला बोलायचंय," ती माईकवर म्हणाली. "मार्चमध्ये मी पडले तेव्हा माझा झाडू दगडाला लागला होता. मला तेव्हाच कळलं होतं. मी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. तो सामना आमचा नव्हता. हे बक्षीस माझ्या नावाने देऊ नका."

स्वयंपाकघरातला नळ कोणीतरी बंद केला. व्हर्नाने मान खाली घातली आणि वाट पाहिली. आता गाव आपल्याला खाऊन टाकणार, अशी तिची खात्री होती, आणि खरं सांगायचं तर तिला त्याची ओढच लागली होती.

पहिला बोलला तो ओरेस्ट. "अहो, डोक्याला मार लागलाय तिच्या," तो केविलवाणा होऊन म्हणाला. "सात महिने झोप नाही धड. काहीबाही मनात घेते."

"बिचारी," कोणीतरी म्हणालं.

"मी मनात नाही घेतलेलं. लागला होता."

"व्हर्ना, पडताना तू अर्धी बेशुद्ध होतीस," नर्सबाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "तेव्हाचं आठवतं ते सगळं खरं नसतं. होतं असं."

गार्थने अलगद माईक काढून घेतला. त्याचे डोळे भरून आले होते. "मंडळी, बघा. जे झालंच नाही त्याचाही दोष स्वतःवर ओढून घेते ही बाई. का? तर हरलेल्यांना वाईट वाटू नये म्हणून. खिलाडूवृत्ती म्हणतात ती हीच." आणि सव्वाशे माणसं उभी राहिली. मार्चमध्ये वाजल्या नव्हत्या इतक्या टाळ्या वाजल्या. व्हर्नाने दोनदा 'नाही' म्हटलं, ते कोणाच्याही कानापर्यंत गेलं नाही. हरभऱ्याच्या झाडावर तिला चढवली होती, आणि आता खाली यायची शिडीच काढून घेतली.

ती जिन्याने खाली, जिथे खेळतात त्या बर्फाच्या दालनात गेली. टाळ्या सुरू होताच वरून निघून आलेली इझोबेल तिथे आधीच होती. कोट अंगावर, हात खिशात, नव्या बर्फाकडे बघत उभी.

"तूही नाही ना विश्वास ठेवलास?" व्हर्ना म्हणाली.

"मी पाहिलं होतं," इझोबेल म्हणाली.

"काय?"

"झाडू लागलेला. वर्तुळांच्या मागेच उभी होते मी."

व्हर्नाला आधी नीट कळेना. "मग बोलली का नाहीस?"

"सांगायचं तुझं होतं. दुसऱ्याने बोट दाखवायचं नसतं, हे तुला मी सांगायला हवं का? मला वाटलं शुद्धीवर आलीस की सांगशील. मग वाटलं बरी झालीस की सांगशील. दर मंगळवारी आले. मग सहा तास गाडी चालवली. याहून जास्त काय करायला हवं होतं मी?"

व्हर्ना बाकावर बसली. "चार वर्षं जिंकत होतीस. माझ्यामुळे हरलीस."

"तेच तर." इझोबेल पहिल्यांदा तिच्या टेंगळाकडे सरळ बघत म्हणाली. "त्या दिवशी हात वर केला असतास ना, तर मी म्हणाले असते, असू दे दगड तिथेच. तुझ्या झाडूने तो तसूभरही हलला नव्हता. तुम्हीच जिंकला असतात, व्हर्ना. चोख जिंकला असतात."

व्हर्नाला रडू आलं नाही. स्वतःचा असा राग तिला उभ्या आयुष्यात कधी आला नव्हता. सात महिने जी चोरी उरावर घेऊन ती हिंडत होती, ती करायची गरजच नव्हती.

"वर चल," ती म्हणाली. "सांग त्यांना. तुझा शब्द मानतील."

"मार्चमध्ये नाही बोलले, आता बोलू? नियम तुझ्यासाठी बदलत नाही."

"रागावली आहेस."

"रागावले होते. आता तू बोललीस, ते बरं झालं." इझोबेल कोटाची बटणं लावू लागली. "उशिरा बोललीस पण."

मग व्हर्नाने सुचलं ते विचारलं. "चौदा नोव्हेंबरला नेशील ना मला?"

इझोबेलने शेवटचं बटण लावलं. "ओरेस्टचं पीक घरात आलंय," ती म्हणाली. "तो नेईल."

दार लागलं. वरून गार्थ हाका मारत होता, फोटो राहिला होता. व्हर्ना वर गेली. गार्थने तिला भिंतीपाशी उभं केलं, मग विचार करून जरा उजवीकडे, दिव्याखाली सरकवलं आणि हनुवटी धरून मान किंचित वळवली, टेंगूळ नीट यावं म्हणून.